हवेत नेमकं काय मिसळलेलं असतं?

'आज हवा खराब आहे' या एका वाक्यात निदान सहा-सात वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. त्यातले काही कण असतात, काही वायू. काही थेट धुराड्यातून बाहेर पडतात, तर काही कुठल्याच धुराड्यातून निघत नाहीत, ते हवेतच तयार होतात. एखादा पहाटेच्या थंडीत साचतो, दुसरा भर दुपारच्या उन्हात वाढतो. एक श्वासनलिकेत जळजळ करतो, दुसरा रक्तातला प्राणवायू हिरावतो, तिसरा हाडांत जाऊन वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो. म्हणून 'प्रदूषण कशामुळे होतं आणि त्यावर उपाय काय' या प्रश्नाला एकच उत्तर कधीच पुरत नाही. आधी कोणतं प्रदूषण, हे विचारावं लागतं. हे न विचारता केलेले उपाय फसतात, आणि त्याची उदाहरणं पुढे येतीलच.

मोठा माणूस दिवसाला साधारण दहा ते बारा हजार लिटर हवा आत घेतो. पाणी गाळून, उकळून पिता येतं, हवेच्या बाबतीत ती सोय नाही. लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा घेतं, त्याची फुप्फुसं अजून वाढत असतात आणि रस्त्यावर चालताना त्याचं नाक गाड्यांच्या धुराच्या नळीच्या बरंच जवळ असतं. त्यामुळे खाली जे जे अपाय सांगितले आहेत, ते मुलांच्या बाबतीत थोडे जास्तच धरावेत.

सूक्ष्म कण: सर्वाधिक बळी घेणारे

पीएम 10 आणि पीएम 2.5 ही नावं आता बातम्यांमुळे सगळ्यांना ऐकून माहीत आहेत. हवेत तरंगणाऱ्या घन आणि द्रव कणांना पीएम म्हणतात, आणि पुढचा आकडा त्या कणाचा व्यास जास्तीत जास्त किती, ते मायक्रॉनमध्ये सांगतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाच्या केसाची जाडी साधारण 50 ते 70 मायक्रॉन असते, म्हणजे 2.5 मायक्रॉनचे वीस-पंचवीस कण शेजारी शेजारी मांडले तर कुठे एका केसाएवढी रुंदी होईल.

हा आकार इतका महत्त्वाचा का, ते कणामागोमाग शरीरात शिरलं की कळतं. रस्त्यावरची धूळ, परागकण, बांधकामाची माती हे कण बऱ्यापैकी जाड असतात. नाकातले केस आणि ओलसर आवरण त्यांना अडवतात. जे पुढे सरकतात ते श्वासनलिकेतल्या चिकट स्रावात अडकतात, तिथल्या सूक्ष्म केसांसारख्या तंतूंची सतत हालचाल चालू असते आणि तो स्राव वर ढकलला जातो. आपण खोकतो, शिंकतो, कफ बाहेर पडतो. 2.5 मायक्रॉनपेक्षा लहान कणांपैकी बरेचसे या पहाऱ्यातून निसटतात आणि थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. वायुकोश म्हणजे फुप्फुसाच्या टोकाशी असलेले इवलेसे फुगे. त्यांची संख्या कोट्यवधी असते आणि भिंत इतकी पातळ, की प्राणवायू तिच्यातून सरळ रक्तात जातो. तिथे कफ नाही, ढकलणारे तंतू नाहीत. साफसफाईला फक्त काही पेशी असतात, त्या कण गिळतात. कण फार झाले की त्या पेशी सूज आणणारी रसायनं सोडू लागतात. ही रसायनं रक्तात उतरतात, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीवरचे चरबीचे थर बिघडू लागतात. 0.1 मायक्रॉनहून बारीक कण तर स्वतःच भिंत ओलांडून रक्तात मिसळू शकतात.

म्हणूनच प्रदूषित हवेने होणाऱ्या मृत्यूंमध्ये हृदयविकार आणि पक्षाघात यांचा वाटा फार मोठा आहे. प्रदूषण म्हटलं की आपल्याला खोकला आणि दमा आठवतो, पण ज्याला आयुष्यात कधी दमा झाला नाही त्यालाही हा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरातल्या आणि बाहेरच्या प्रदूषित हवेने मिळून दर वर्षी सुमारे 70 लाख माणसं अकाली मरतात. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र 'हवा' असं कारण जवळजवळ कधीच लिहिलं जात नाही. लंडनमधल्या एला किस्सी-डेब्रा या नऊ वर्षांच्या मुलीचा 2013 मध्ये दम्याने मृत्यू झाला. ती एका वर्दळीच्या रस्त्याजवळ राहायची. तिच्या आईने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि डिसेंबर 2020 मध्ये तिथल्या मृत्युचौकशी अधिकाऱ्याने मृत्यूच्या कारणांत वायुप्रदूषणाची नोंद केली. ब्रिटनमध्ये असं पहिल्यांदाच घडलं. ती नोंद वाचताना मला नेहमी वाटतं, की तोवरच्या किती नोंदी अपुऱ्या राहिल्या असतील.

या बाबतीतला भक्कम पुरावा 1993 साली आला. हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या सहा शहरांमधल्या 8,111 प्रौढांचा चौदा ते सोळा वर्षं मागोवा घेतला होता. धूम्रपान, वय वगैरे गोष्टींचा हिशेब वजा करूनही सर्वांत प्रदूषित शहरातला मृत्युदर सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा 26 टक्क्यांनी जास्त निघाला, आणि हा फरक सूक्ष्म कणांच्या प्रमाणाशी सर्वाधिक जुळत होता. त्यानंतर जगभर अभ्यास झाले आणि आणखी एक गोष्ट पुढे आली. कमी प्रदूषणाच्या पातळीवरही अपाय थांबत नाही. उलट अपायाचा आलेख सुरुवातीलाच झपाट्याने चढतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये पीएम 2.5 ची वार्षिक सरासरीची शिफारस घनमीटरला 10 मायक्रोग्रॅमवरून 5 वर आणली. जगातली जवळजवळ सगळी लोकसंख्या, 99 टक्के, संघटनेच्या शिफारशीपेक्षा वाईट हवा श्वासात घेते.

हे कण येतात कुठून? जिथे जिथे जळतं, तिथून: कोळसा, डिझेल, लाकूड, कचरा, शेतातली काडीकसपटं, वणवे. टायर आणि ब्रेक झिजूनही कण निघतात, त्यामुळे विजेवर चालणारी गाडी धूर सोडत नसली तरी कणांपासून पूर्ण मुक्त नसते. पण सगळे कण असे जन्मतःच कण नसतात, आणि इथेच बरेच लोक चकतात. सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हे वायू हवेत तासन्‌तास, दिवसेंदिवस राहतात आणि हळूहळू आम्ल बनतात. त्या आम्लाला अमोनिया भेटला की त्यांचा क्षार होतो आणि तो घन, सूक्ष्म कणाच्या रूपात उरतो. अमोनिया येतो तो मुख्यतः युरियासारख्या खतांमधून आणि जनावरांच्या मलमूत्रातून. म्हणजे एका दिशेच्या औष्णिक वीजकेंद्राचा वायू, दुसऱ्या दिशेच्या शेतांमधला अमोनिया आणि मधल्या शहरातली वाहनं, अशा तिघांच्या मिळून झालेल्या कणांची चादर त्या शहरावर पसरलेली असते. त्यात 'आमच्या गावातला धूर बंद केला, मग हवा का सुधारली नाही' असा प्रश्न पडणं साहजिकच आहे. सूक्ष्म कण दिवसचे दिवस हवेत टिकतात आणि शेकडो किलोमीटर प्रवास करतात. त्यांना गावाची वेस माहीत नसते.

हिवाळ्यात हे सगळं का चिघळतं, तेही इथेच सांगतो. एरवी जमिनीजवळची हवा गरम असते, ती वर जाते आणि धूर सोबत नेते. थंडीच्या शांत रात्री जमीन लवकर गार होते, तिला लागून असलेली हवाही गार होते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. गार हवा जड असल्याने ती वर सरकत नाही. भांड्यावर झाकण ठेवावं तसा तो उबदार थर खालचा धूर अडवून धरतो. रोज तेवढाच धूर सुटत असला तरी तो मावायला उंची शंभर-दोनशे मीटरच उरली, तर हवेतलं प्रमाण कैक पटींनी वाढणारच. आणि पाऊस पडला म्हणजे हवा धुऊन निघाली, हेही अर्धसत्य आहे. जाड धूळ पावसाने चांगली बसते, पण सर्वांत घातक आकाराचे बारीक कण थेंबाच्या भोवतीच्या हवेबरोबर बाजूला सरकतात आणि बरेचसे निसटतात.

घराच्या आतल्या धुराबद्दल फार कमी बोललं जातं, याचं मला वाईट वाटतं. जगात आजही दोन अब्जांहून अधिक लोक लाकूड, शेण्या, कोळसा किंवा रॉकेल यांवर स्वयंपाक करतात. बंद स्वयंपाकघरात चूल पेटलेली असताना कणांचं प्रमाण वाहत्या रस्त्यापेक्षाही कितीतरी जास्त होऊ शकतं. तो धूर सर्वांत जास्त जातो तो चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या आणि तिच्याजवळच्या तान्ह्या मुलाच्या छातीत. लहान मुलांच्या न्यूमोनियामागे हे एक मोठं कारण आहे.

ओझोन: कुणीच न सोडलेला वायू

आकाशात पंधरा ते पस्तीस किलोमीटरवर असलेला ओझोन अतिनील किरणं अडवतो, तो आपला रक्षक. तोच वायू जमिनीलगत असला की विषारी ठरतो. रेणू तोच, फक्त जागा चुकीची.

1943 च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसमध्ये भर दिवसा दाट, डोळे झोंबणारा धूसर पडदा पसरला. युद्धाचे दिवस होते, त्यामुळे हा शत्रूचा वायुहल्ला आहे की काय, अशी शंकाही लोकांना आली. मग संशय कृत्रिम रबरासाठी रसायन बनवणाऱ्या एका कारखान्यावर गेला. कारखाना बंद ठेवला, तरी धूसर पडदा येतच राहिला. कोडं सोडवलं ते आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने. अननसाच्या वासाचा अभ्यास करणारा हा माणूस 1950 च्या सुमारास शहराच्या हवेकडे वळला. त्याने दाखवलं, की गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड आणि इंधनाच्या वाफा यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो. ओझोन मोजायला तेव्हा एक फार साधी युक्ती वापरली जाई. रबराची पट्टी वाकवून, ताणून हवेत टांगायची. ओझोन रबराचे दुवे तोडतो, त्यामुळे पट्टीवर आडव्या बारीक चिरा उमटू लागतात. किती मिनिटांत चिरा पडल्या आणि त्या किती खोल गेल्या, यावरून हवेत ओझोन किती, ते कळे. ताणलेल्या रबराचं जे होतं ते पाहिलं, की श्वासनलिकेच्या नाजूक आवरणावर काय ओढवत असेल याची कल्पना येते. खोल श्वास घेताना छातीत दुखणं, कोरडा खोकला, दम्याचा झटका ही त्याची लक्षणं. पिकांनाही तो सोडत नाही. पानांच्या रंध्रांतून आत शिरून गहू आणि सोयाबीनसारख्या पिकांचं उत्पन्न घटवतो.

ओझोनला ऊन लागतं, म्हणून तो दुपारी आणि उन्हाळ्यात जास्त असतो. आणखी एक चमत्कारिक गोष्ट म्हणजे गर्दीच्या चौकात तो अनेकदा कमी सापडतो, कारण गाड्यांच्या नळीतून ताजा निघालेला नायट्रिक ऑक्साइड (नायट्रोजन ऑक्साइडांपैकीच एक) त्याला खाऊन टाकतो. शहराबाहेर, वाऱ्याच्या दिशेला असलेल्या हिरव्यागार खेड्यात मात्र त्याचं प्रमाण चढलेलं असतं. 2020 च्या टाळेबंदीत रस्ते ओस पडले, नायट्रोजन ऑक्साइड घसरले आणि जगातल्या अनेक शहरांमध्ये ओझोन कमी होण्याऐवजी वाढला. याचा अर्थ गाड्या कमी करू नयेत असा नाही. दोन घटकांपैकी एकच कमी केला आणि इंधनाच्या, रंगांच्या, द्रावकांच्या वाफा तशाच राहिल्या, तर हिशेब चुकतो, एवढाच त्याचा अर्थ. या वाफांमध्ये बेंझीनही असतं आणि त्याचा ओझोनशिवाय स्वतंत्र धोका आहे, तो म्हणजे रक्ताचा कर्करोग.

धूर दिसत नसतानाही

नायट्रोजन डायऑक्साइडबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो, की इंधन स्वच्छ असलं की तो निघणार नाही. प्रत्यक्षात या वायूतला बराचसा नायट्रोजन इंधनातला नसतो, तो हवेतलाच असतो. ज्योत पुरेशी तापली की हवेतले नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकमेकांशी जोडले जातात. त्यामुळे निळ्या, बिनधुराच्या ज्योतीने जळणाऱ्या गॅसच्या शेगडीतूनही तो निघतो. स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवणं किंवा धूर ओढणारा पंखा लावणं गॅसवरही गरजेचं आहे ते यासाठी. रस्त्यालगत त्याचा मुख्य उगम डिझेलची वाहनं. त्याने श्वासनलिका सुजतात, मुलांमध्ये दमा सुरू होण्याशीही त्याचा संबंध आढळला आहे.

सल्फर डायऑक्साइड गंधकयुक्त कोळसा, जड तेल आणि धातू वितळवण्याचे कारखाने यांतून येतो, ज्वालामुखीतूनही येतो. 5 ते 9 डिसेंबर 1952 या पाच दिवसांत लंडनवर धुक्याचा असा थर बसला, की बसच्या पुढे माणूस दिवा घेऊन चालायचा. घराघरांतल्या कोळशाच्या शेकोट्यांचा धूर त्यात अडकला आणि धुक्याच्या थेंबांत सल्फ्यूरिक आम्ल तयार झालं. त्या काळात साधारण 4,000 माणसं दगावल्याचं मोजलं गेलं. नंतरच्या आठवड्यांतले जादा मृत्यू सरकारने फ्लूच्या खात्यात टाकले होते. ते धरून पुढे केलेले अंदाज 12,000 पर्यंत जातात. 1956 मध्ये ब्रिटनने स्वच्छ हवेचा कायदा केला. गंधकाच्या बाबतीत दिलासा हा, की इंधनातून तो आधीच काढता येतो. 1 जानेवारी 2020 पासून जगभरातल्या जहाजांच्या इंधनात गंधकाची मर्यादा 3.5 टक्क्यांवरून 0.5 टक्क्यावर आणली गेली.

शिशाची गोष्ट थोडक्यात. 1920 च्या दशकापासून इंजिनात इंधन अवेळी पेटून ठोके बसू नयेत म्हणून पेट्रोलमध्ये शिसं घातलं जात होतं. ते मुलांच्या मेंदूच्या वाढीला मारक ठरतं आणि त्याची सुरक्षित अशी कुठलीही पातळी नाही. वाहनांना असं पेट्रोल विकणं सगळ्यांत शेवटी अल्जीरियाने बंद केलं, तेही 2021 मध्ये. शिसं कुजत नाही, विरत नाही, त्यामुळे जुन्या रस्त्यांकडेच्या मातीत ते अजून आहे. आज नवं शिसं मुख्यतः जुन्या बॅटऱ्या उघड्यावर फोडून वितळवण्यातून हवेत जातं.

कार्बन मोनॉक्साइडवर मात्र थांबतो, कारण इथे वाचलेलं एखादं वाक्य कुणाचा तरी जीव वाचवू शकतं. इंधन अर्धवट जळलं की तो तयार होतो. रंग नाही, वास नाही, झोंबत नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने त्याला धरतं आणि सहजी सोडत नाही. बंद खोलीत ऊब मिळावी म्हणून ठेवलेली कोळशाची शेगडी, हवा न खेळणाऱ्या न्हाणीघरातला गॅसचा गीझर, घरात किंवा खिडकीजवळ चालवलेला जनरेटर, दार लावलेल्या गॅरेजमधली चालू गाडी, या त्याच्या नेहमीच्या जागा. डोकं ठणकतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं वाटतं, आणि माणसाला वाटतं की अपचन झालं किंवा ताप येतोय. ओळखायची खूण अशी, की घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी असं होतं आणि बाहेर गेलं की बरं वाटतं. बोटाला लावायचं प्राणवायू मोजण्याचं साधं यंत्र यात फसवतं. त्याला हा वायू चिकटलेलं हिमोग्लोबिन आणि प्राणवायू घेतलेलं हिमोग्लोबिन यांतला फरक कळत नाही, त्यामुळे माणूस गुदमरत असतानाही आकडा 98 दाखवू शकतो. अशा वेळी आधी सगळ्यांना मोकळ्या हवेत काढावं आणि रुग्णालयात जाऊन शंका स्पष्ट बोलून दाखवावी. तिथे शुद्ध प्राणवायू दिला की हा वायू रक्तातून खूप लवकर बाहेर पडतो.

आकडा वाचताना

हवेची गुणवत्ता सांगणारा एकच आकडा, म्हणजे एक्यूआय, अनेक देशांत असा काढतात: प्रत्येक प्रदूषकाचा स्वतंत्र गुण काढायचा आणि त्यातला सर्वांत वाईट तो जाहीर करायचा. म्हणजे 180 हा आकडा एके दिवशी कणांमुळे असू शकतो आणि दुसऱ्या दिवशी ओझोनमुळे. शिवाय देशोदेशीच्या मोजपट्ट्या वेगळ्या आहेत, त्यामुळे दोन देशांतले आकडे शेजारी ठेवून तुलना करण्यात अर्थ नाही. कणांचा गुण बहुधा चोवीस तासांच्या सरासरीवर काढतात, म्हणून शेजारी काही पेटलं असेल तर आकड्याची वाट न बघता डोळ्यांवर आणि नाकावर विश्वास ठेवावा.

साधनांचंही तसंच आहे. कापडी रुमाल सूक्ष्म कण फारसे अडवत नाही. एन 95 मास्क चेहऱ्याला घट्ट बसला तर चांगला अडवतो, पण कुठलाही वायू त्यातून आरपार जातो. हेपा फिल्टरचा हवा शुद्ध करणारा पंखा कण पकडतो, कार्बन मोनॉक्साइड पकडत नाही. 'ओझोन सोडून हवा ताजी करतो' अशी जाहिरात असलेलं यंत्र तर घरात आणूच नये. आणि घरात कुणी सिगारेट ओढत असेल तर बाकी सगळ्या खर्चाआधी ती बंद व्हायला हवी.

आकड्याखाली बहुतेक ठिकाणी त्या दिवसाच्या मुख्य प्रदूषकाचं नाव दिलेलं असतं. ते वाचावं. ओझोन असेल तर मुलांचा मैदानावरचा खेळ सकाळी उरकावा, दुपारी नको. थंडीतले सूक्ष्म कण असतील तर उलट करावं, पहाटेचं धावणं ऊन वर येऊन जमीन तापल्यावर ठेवावं. नायट्रोजन डायऑक्साइड असेल तर वेळेपेक्षा वाट बदलणं जास्त उपयोगाचं, कारण हमरस्त्यापासून शे-दोनशे मीटर आत गेलं तरी त्याचं प्रमाण बरंच उतरतं.